वारस नोंद, मृत्युपत्र, हक्कसोड, वाटणी: कोणता कागद कोणतं काम करतो (मराठवाडा)

दिवाणी_परभणी
राम राम मंडळी. कौटुंबिक आणि वारसाहक्काच्या कामांवर हा धागा काढतोय. वकिलाकडे जाण्याआधी घरात काय बघून ठेवायचं, ते इथे एका जागी यावं ही इच्छा आहे.

पहिली गोष्ट ठासून सांगतो. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, हा समज डोक्यातून काढा. फेरफार हा महसुलाचा कागद आहे, सारा कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरता. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. नाव लागल्याने हक्क जन्मत नाही आणि नाव सुटल्याने तो मरत नाही. भावाने गुपचूप एकट्याचं नाव लावलं म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. बहिणीचं नाव लागलं म्हणून तिचे नेमके कोणते गुंठे, तेही ठरत नाही.

दुसरी गोष्ट हिश्शाची. साडेचार एकर, म्हणजे १८० गुंठे वावर घ्या. सातबाऱ्यावर ते साधारण १ हेक्टर ८२ आर दिसेल. वडील वारले. मागे त्यांची आई, बायको, दोन मुलगे, दोन मुली. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर हे सहाही जण पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाला ३० गुंठे. तीच जमीन कायद्याच्या अर्थाने वडिलोपार्जित असेल, आणि आजोबांच्या वेळचा हिशोब मिटलेला असेल, तर गणित बदलतं. वडील वारायच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं आधी धरायचं. वडील, बायको, चार लेकरं, असे सहा हिस्से, ३० गुंठ्यांचे. मग वडिलांच्या वाट्याचे ३० गुंठे सहा वारसांत पाच-पाच. म्हणजे बायको आणि लेकरं प्रत्येकी ३५, आणि आजीला ५ गुंठे. ही रीत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मगदूम खटल्यात पक्की केली. आजीला एका हिशोबात ३० आणि दुसऱ्यात ५ येतात, म्हणून जमीन कोणत्या प्रकारची हे आधी ठरवा आणि मगच हिस्से मोजा.

अर्जनवीस
दादा, 'कायद्याच्या अर्थाने वडिलोपार्जित' हे जरा उलगडून सांगा. लोक बापाकडून आलेल्या सगळ्यालाच वडिलोपार्जित म्हणतात.

दिवाणी_परभणी
इथेच घोळ होतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यानंतर बाप वारला आणि त्याची स्वतःची मिळकत कलम ८ प्रमाणे मुलाकडे आली, तर ती मुलाच्या हातात त्याची स्वतंत्र मिळकत होते. नातवाला तिच्यात जन्माने हक्क नाही. चंदर सेन खटल्यात १९८६ साली हे ठरलं. म्हणून 'आजोबांची जमीन आहे, बापाला विकता येत नाही' असं म्हणत आलेल्या मुलाला आधी विचारायचं: आजोबांकडे ती कुठून आली, आणि ते कधी वारले? आजोबांनी १९६२ ला विकत घेतली आणि १९८० ला वारले, तर वडिलांना ती विकता येते. पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आली असेल तर गोष्ट वेगळी.

मुलींचं थोडक्यात. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहदायक, म्हणजे वडिलोपार्जितात जन्माने हिस्सा असलेली, झाली. त्या दिवशी बाप जिवंत असण्याची अट नाही, हे विनीता शर्मा निकालात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट झालं. लग्न झालंय की नाही, याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र उलगडत नाही. 'आमची तोंडी वाटणी झालेली होती' हा बचाव सरकारी कागदाच्या भक्कम आधाराशिवाय सहसा टिकत नाही.

निवृत्त_मंडळ_अधिकारी
वारस नोंदीची पायरी मी मांडतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं, कलम १४९. अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरूनही करता येतो. सोबत मृत्यू दाखला, सातबारा, ८-अ, आणि सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता, नातं लिहिलेलं शपथपत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. उगाच पाचशेचा बॉंड आणू नका.

तलाठी आधी ६-क या वारस नोंदवहीत नोंद घेतो, चौकशी करतो, मग फेरफार धरतो. नमुना ९ ची नोटीस निघते, चावडीवर लागते, १५ दिवस हरकतीला. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निकाल देतो. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत ६० दिवस. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण दिवस कधीपासून धरायचे यावरच वाद होतो. म्हणून निकालाची नक्कल लगेच मागा आणि ती मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

आता बिघडतं कुठे. सातबारा हातात आला की नावांवर समाधान मानू नका, नाव कोणत्या रकान्यात आहे ते बघा. जुन्या कित्येक फेरफारांत मुलगे कब्जेदार म्हणून आणि बहिणी, आई 'इतर अधिकार' मध्ये घातलेल्या असतात. इतर अधिकार म्हणजे जिथे सोसायटीचा बोजा आणि विहिरीचा हक्क लिहितात तो रकाना. मूळ फेरफारात त्यांना वारस म्हणून लिहिलंय आणि सातबाऱ्यावर उतरवताना चूक झाली, तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज पुरतो. फेरफारच तसा मंजूर झाला असेल तर अपीलच करावं लागतं. म्हणून सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक वर्तुळात असतो, तो घेऊन जुन्या फेरफाराची नक्कल आधी काढा.

तसंच 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हे असेल तर ती जमीन त्याच्या एकट्याची नाही, बाकीच्यांची नावं लावून घ्यायची राहिली आहेत. आणि 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचा पालक. मूल तिशीत गेलं तरी आईच्या नावासोबत ते तसंच राहतं आणि ऐन कर्जाच्या वेळी अडतं. वयाचा पुरावा देऊन कमी करून घ्या. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारस लागले, पण ही असली जुनी शेपटं प्रत्येक खात्यात आपणच तपासायची.

बालाघाट
साहेब, बहिणी हक्क सोडायला राजी असतील तर तलाठ्यासमोर जबाब देऊन चालेल का? गावाकडे तसंच करतात.

निवृत्त_मंडळ_अधिकारी
चालत नाही, भाऊ. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त हवा. तलाठ्यासमोरचा जबाब, नोटरीचा कागद, शंभराच्या बॉंडवरची सही, यातल्या कशानेच हक्क सुटत नाही. वारस नोंदीत सगळ्यांची नावं आधी लावा आणि मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र करा. क्रम उलटा करू नका.

अर्जनवीस
हक्कसोडपत्राबद्दल माझी भर. हक्क सहहिस्सेदाराच्याच लाभात सोडता येतो. बहिणीला भावजयीच्या किंवा भाच्याच्या नावे द्यायचं असेल आणि त्यांचा त्या मिळकतीत हिस्सा नसेल, तर ते बक्षीसपत्र होतं, शुल्कही त्याप्रमाणे. वारसाने आलेल्या मिळकतीत जवळच्या नात्यात हक्कसोडीला नाममात्र मुद्रांक लागतो. पण दस्तात मोबदला म्हणून रक्कम लिहिली की दर बदलू शकतो, म्हणून मजकूर जपून.

दस्तात गट क्रमांक, एकूण क्षेत्र, आकार, सोडलेला हिस्सा, आणि कोणाच्या लाभात सोडला, हे सगळं आलं पाहिजे. तीन भाऊ असताना एकाच्या नावे सोडला तर त्याचा हिस्सा वाढतो, तिघांच्या लाभात सोडला तर तिघांचा. लोक नुसतं 'भावांच्या लाभात' लिहितात आणि दहा वर्षांनी त्या एका शब्दावर दावा चालतो. आणि 'सर्व मिळकतीवरील हक्क' असं मोघम लिहून घ्यायला लावत असतील तर ताई, सही करू नका. गावठाणातलं घर, विहिरीतला हिस्सा, प्लॉट, प्रत्येक गोष्ट वेगळी वाचून घ्या. सही झाल्यावर सूची दोनची, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्याची, नक्कल स्वतःजवळ ठेवा.

सखी_लातूर
यात अज्ञान लेकरांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तरुण शेतकरी जातो, मागे बायको आणि शाळेतली लेकरं. दीर-सासरे 'हिचं हक्कसोड करून घेऊ, लेकरांच्या वतीनं आईच सही करेल' म्हणतात. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६, कलम ८: अज्ञानाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. परवानगी नसलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं, मुदत तीन वर्षं. त्या बाईने पुढे लग्न केलं तरी नवऱ्याकडून आलेला हिस्सा तिच्याकडेच राहतो, कारण नवरा वारला तेव्हाच ती वारस झालेली असते.

नवऱ्याने टाकलेली पण घटस्फोट न झालेली बायको, तीही वारस. दुसरी बायको, पहिलीचं लग्न कायम असताना केलेली, वारस नाही. तिची लेकरं मात्र बापाच्या मिळकतीत वारस. वडिलोपार्जितातही बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यात त्यांचा हिस्सा, हे १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निकालात ठरलं. वारसांच्या शपथपत्रातून ही नावं गाळली की पुढची सगळी कागदपत्रं कच्ची राहतात.

वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. १५१०० हा फोन क्रमांक आहे.

सोबतीण
सखीताई, परस्पर संमतीच्या घटस्फोटात नवरा बायकोच्या नावे दोन एकर द्यायला तयार असेल तर तडजोडीत लिहिलं की झालं ना?

सखी_लातूर
नाही ताई. ती जमीन अर्जाच्या विषयात नसेल आणि फक्त तडजोडीतून बायकोला मिळत असेल, तर त्या हुकूमनाम्याला नोंदणी लागते. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये हे स्पष्ट आहे. निकाल लागला, दोघं वेगळे झाले, आणि हुकूमनामा कपाटात पडून. तलाठी विचारतो नोंदणी कुठाय, आणि तोवर नवऱ्याने जमीन विकलेली असते. अंतिम हुकमाआधीच बक्षीसपत्र किंवा योग्य दस्त करून घ्या, निदान तडजोडीत दस्त करायची तारीख आणि न केल्यास काय, हे लिहा.

बाकी घटस्फोटाच्या मुदतीचं: हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण अमरदीप सिंग निकालानंतर (२०१७) समेटाची आशा संपलेली असेल तर कोर्ट ती सूट देऊ शकतं. पोटगीसाठी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. ते रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) मधलं. शेतकरी नवरा 'उत्पन्न नाही' म्हणत असेल तर ८-अ, साखर कारखान्याची ऊस बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, पीककर्जाचा उतारा जोडा.

दिवाणी_परभणी
मृत्युपत्राकडे येऊ. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. सही किंवा अंगठा करणाऱ्याचा, आणि दोन साक्षीदार ज्यांनी ती सही होताना पाहिली आणि त्याच्यासमोर स्वतः सही केली. नोंदणी ऐच्छिक, शुल्क १०० रुपये. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडच्या जमिनीसाठी प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेणं, सक्तीचा नाही, ती सक्ती मुंबईसारख्या शहरांपुरती होती.

मृत्युपत्र पडतं ते मजकुरापेक्षा भोवतालच्या परिस्थितीवर. सगळी मिळकत मिळणारा मुलगाच बापाला निबंधकाकडे घेऊन गेला, साक्षीदार त्याचेच सालदार आणि मेहुणा, वकीलही त्याचाच. असं दिसलं की कोर्ट संशय धरतं आणि तो दूर करायचं ओझं मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येतं. म्हणून: साक्षीदार लाभार्थी नकोत, वयाने लहान असावेत, कारण पुढे किमान एकाने कोर्टात येऊन सांगावं लागतं. डॉक्टरचा शुद्धीवर असल्याचा दाखला त्याच दिवसाचा घ्या. अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवला हे लिहा आणि वाचणाऱ्याची सही घ्या. मुलीला किंवा मुलाला काही दिलं नसेल तर कारण लिहा, 'लग्नात दिलं' एवढं मोघम नको, काय दिलं ते. गट क्रमांक, खाते क्रमांक, घराचा ग्रामपंचायत नमुना ८ चा क्रमांक, बँक खाती. शेवटी 'वरील यादीत राहून गेलेली इतर कोणतीही मिळकत अमुकाला' हे वाक्य, नाहीतर राहिलेल्या प्लॉटवर परत सगळे वारस. वडिलोपार्जितात फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येतं. अख्खा गट लिहिला तर हिश्शापलीकडचा भाग टिकत नाही.

मृत्युपत्र गुप्त राहील का, ही भीती असते. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल करणारा हयात असताना दुसऱ्या कोणाला मिळत नाही. लाखबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे.

पट्टेदार
बक्षीसपत्र करू की मृत्युपत्र, हा प्रश्न म्हातारी माणसं सगळ्यात जास्त विचारतात. याचं नीट उत्तर लिहा कोणीतरी.

अर्जनवीस
बक्षीसपत्र झालं की मिळकत त्याच दिवशी गेली, मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं, शेवटचं खरं. राहतं घर आणि पोट ज्यावर आहे ती जमीन बक्षीस देऊ नका, मामा. द्यायचीच असेल तर दस्तातच लिहा की घेणाऱ्याने देणाऱ्याला जेवणखाण, औषधपाणी आणि त्याच घरात राहायला द्यायचं आहे. ही अट असेल आणि ती मोडली तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ खाली न्यायाधिकरण, म्हणजे उपविभागीय अधिकारी, तो दस्त रद्द ठरवू शकतो. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट असणं आवश्यक म्हटलं, २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात उदार अर्थ घेतला. पण अट लिहिलेली असली की हा वाद उरतच नाही.

बँक_शाखा
ठेवींचं सांगतो. खात्यावर नाव दिलेला, म्हणजे नॉमिनी, मालक होत नाही. तो रक्कम घेतो ती वारसांच्या वतीनं. शेअर्सबाबतही १४ डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी निकालात हेच झालं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ३७२. हे फक्त ठेवी, शेअर्स, येणी यांसाठी, जमिनीसाठी नाही. सेतूतून किंवा तलाठ्याकडून आणलेला वारस दाखला मोठ्या रकमेला बँक घेत नाही, त्यात शाखेचा दोष नसतो.

मोमिनपुरा
वरचा सगळा हिशोब हिंदू कायद्याचा आहे. त्यात नांदेडचे शीख, बौद्ध, जैन, लिंगायत येतात. किनवट भागातल्या अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी पाहावी लागते. मुस्लिमांसाठी वेगळं. ८० गुंठे, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी, आईबाप नाहीत: बायकोला आठवा हिस्सा १० गुंठे, उरलेल्या ७० मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे २८, २८ आणि १४. वसियत, म्हणजे मृत्युपत्र, एक तृतीयांशापुरतीच, आणि वारसाच्या नावे करायची तर बाकीच्या वारसांची संमती हवी. हिबा, म्हणजे बक्षीस, तोंडी होतो, पण देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं, तिन्ही झाले पाहिजेत. देणाराच पुढे दहा वर्षं पीक नेत राहिला तर ताब्यावर हिबा पडतो.

दिवाणी_परभणी
धन्यवाद भाईजान, हे यायलाच हवं होतं.

वाटणीवर थोडं. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे जा. राजी नसतील तर वाटणीचा दावा, त्यात सगळे हिस्सेदार आणि सगळ्या मिळकती घाला. एक बहीण सुटली किंवा एक गट राहिला तर दावा तिथेच लंगडा. हिस्सा नाकारला गेल्याचं कळल्यापासून बारा वर्षांची मुदत. आणि निकाल लागला की पेढे वाटून थांबू नका. तो प्राथमिक हुकूमनामा असतो. जमिनीचं प्रत्यक्ष सरसनिरस, म्हणजे कस बघून, वाटप जिल्हाधिकाऱ्यामार्फत होतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५४. कोर्टाकडून कागद तिकडे जायला अर्ज करावा लागतो, मग तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी. कागद कुठे अडलाय ते दर महिन्याला जाऊन विचारा. वाटप करताना प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही तेही बघा: २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत २० गुंठे, बागायत १०.

पट्टेदार
जुन्या कागदांचं राहिलं. पणजोबांची जमीन हे दाखवायला काय काढायचं?

निवृत्त_मंडळ_अधिकारी
आपल्या भागात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक ही पहिली पायरी. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. अर्जात आजचा गट क्रमांक नको, जुना सर्व्हे क्रमांक लिहा. गट-सर्व्हेचा मेळ एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर सापडतो. त्यात कब्जेदार कोण, कूळ कोण, हे बघा. संरक्षित कुळाची नोंद असेल तर हैदराबाद कूळ कायदा १९५० खाली कलम ३८-ई चं, म्हणजे कुळाला मालकी दिल्याचं, प्रमाणपत्र झालंय का तेही. इनामाची जमीन असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा निजामकालीन कागद, शोधा आणि भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी, आहे का ते बघून मगच मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्राचा विचार करा.

त्यामागचा कागद निजामाच्या वेळचा, उर्दूत किंवा मोडीत. भाषांतर जाणकाराकडून करून त्याचं शपथपत्र जोडा, मूळ नक्कल प्रमाणितच घ्या. त्यावरचं साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली सालगणनेचं, असतं. फसली १३५८ मध्ये ५९० मिळवा, १९४८-४९ येतं. साल ऑक्टोबरच्या आसपास बदलतं, म्हणून मृत्यूची तारीख किंवा खरेदीची तारीख जुळवताना महिना कोणता लिहिलाय ते भाषांतरात उतरवून घ्या. नुसत्या सालावर हिशोब केला तर एका वर्षाचा फरक पडतो.